मॅजिकमध्ये दोन कार्डं एकमेकांत अडकली की काय करायचं?

अस्वलाच्या कार्डावर डॅमेज देणारा बोल्ट मारला, समोरच्याने त्याला बळ देणारी ग्रोथ टाकली. आता अस्वल मेलं की वाचलं? मॅजिक: द गॅदरिंग हा कार्डांचा खेळ खेळणाऱ्या प्रत्येक गटात हा प्रश्न कधी ना कधी येतोच. गंमत म्हणजे त्याची दोन्ही उत्तरं बरोबर असू शकतात, म्हणून तर वाद रंगतो. रिचर्ड गारफिल्डचा हा खेळ विझर्ड्स ऑफ द कोस्टने १९९३ मध्ये बाजारात आणला आणि तेव्हापासून हजारो वेगवेगळी कार्डं निघाली. अमुक कार्ड तमुक कार्डासमोर कसं वागतं हे पाठ करणं कुणाच्याच आवाक्यातलं नाही, आणि त्याची गरजही नाही. ठरावीक प्रश्न ठरावीक क्रमाने विचारले की बहुतेक गुंते सुटतात. तो क्रम मी इथे मांडतोय. टर्न कशी चालते, माना कसा काढायचा, अटॅक-ब्लॉक म्हणजे काय, एवढं तुम्हाला येतं असं धरून चालतो.

आधी कार्डाची आजची भाषा बघा

हातातल्या कार्डावर जे छापलंय ते शेवटचं नसतं. प्रत्येक कार्डाचा एक चालू अधिकृत मजकूर असतो, त्याला ओरॅकल टेक्स्ट म्हणतात, आणि तो विझर्ड्सच्या गॅदरर या मोफत डेटाबेसमध्ये मिळतो. १९९३ च्या लाइटनिंग बोल्टवर साधं 'वन टार्गेट' एवढंच लिहिलंय, आज त्याच कार्डाचा मजकूर 'एनी टार्गेट' असा आहे. कार्ड कितीही जुनं असो, खेळताना आजचा मजकूर लागू होतो. गॅदररवर कार्डाच्या खाली त्याच्याविषयीचे अधिकृत खुलासेही दिलेले असतात. निम्मे वाद तिथेच मिटतात, म्हणून आधी तिथे बघा आणि मग आवाज चढवा.

जुन्या व्हिडिओंच्या आणि जुन्या जाणकारांच्या बाबतीतही हीच काळजी घ्या. २००९ पर्यंत लढाईतला डॅमेज स्टॅकवर (सुटायची वाट बघणाऱ्या चालींच्या चवडीवर) जायचा, मॅजिक २०१० च्या नियमांनी ते बंद केलं. एका अटॅकरला अनेकांनी ब्लॉक केलं तर ब्लॉकर्सची रांग ठरवावी लागायची. नोव्हेंबर २०२४ मध्ये फाउंडेशन्स सेटबरोबर तीही गेली, आता अटॅकरचा मालक डॅमेज हवा तसा वाटू शकतो. दहा वर्षं खेळलेला माणूस सांगतोय म्हणजे ते आज बरोबर असेलच असं नाही.

मग वाक्याचा प्रकार ओळखा

माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची पायरी हीच, आणि नवे खेळाडू नेमकी हीच गाळतात. कार्डावरचं वाक्य कोणत्या जातीचं आहे हे त्याच्या रचनेवरूनच कळतं.

वाक्यात विसर्गचिन्हासारखे दोन टिंब, म्हणजे कोलन असेल, तर ती ॲक्टिव्हेटेड ॲबिलिटी. कोलनच्या आधी किंमत, नंतर परिणाम. किंमत भरली जाताना कुणालाही मध्ये पडता येत नाही. व्हिसेरा सीअर म्हणतो, एक क्रीचर सॅक्रिफाइस करा (स्वतःहून बळी द्या), कोलन, स्क्राय १ (तुमच्या गठ्ठ्यातलं सगळ्यात वरचं कार्ड बघून ते तिथेच किंवा तळाशी ठेवा). समोरच्याने 'तू सॅक्रिफाइस करतोयस ना, त्याआधी मी ते क्रीचर मारतो' असं म्हटलं, तर ते चालणार नाही. तुम्ही जाहीर केलंत त्या क्षणी क्रीचर गेलेलं असतं. आणि त्याने सीअरलाच बोल्ट मारला तरी स्क्राय होणारच, कारण ॲबिलिटी एकदा स्टॅकवर गेली की ती कुठून आली याच्याशी तिचा संबंध तुटतो.

'व्हेन', 'व्हेनएव्हर' किंवा 'ॲट' ने सुरू होणारं वाक्य म्हणजे ट्रिगर. घटना घडते, मग ट्रिगर स्टॅकवर जातो, आणि त्याला उत्तर देता येतं.

'इन्स्टेड', 'एंटर्स विथ' किंवा 'ॲज धिस एंटर्स' असे शब्द आले तर तो रिप्लेसमेंट इफेक्ट. इथे मूळ घटना घडतच नाही, तिच्या जागी दुसरीच घडते. स्टॅक नाही, उत्तर नाही. ट्रिगर आणि रिप्लेसमेंट यांच्यातला हा फरक एकदा अंगात मुरला की खेळ वेगळाच दिसायला लागतो. किचन फिंक्सला पर्सिस्ट आहे: अंगावर -१/-१ काउंटर (पॉवर, म्हणजे मार, आणि टफनेस, म्हणजे सोसण्याची ताकद, एकेकाने कमी करणारी खूण) नसताना मेलं, तर तसा एक काउंटर घेऊन ते परत येतं. पण टेबलावर रेस्ट इन पीस असेल, तर ग्रेव्हयार्डमध्ये (मेलेल्या-वापरलेल्या कार्डांच्या ढिगात) जाणारं प्रत्येक कार्ड त्याऐवजी एक्झाइल होतं, म्हणजे खेळाबाहेर बाजूला ठेवलं जातं. मॅजिकमध्ये 'डाइज' म्हणजे बॅटलफील्डवरून ग्रेव्हयार्डमध्ये जाणं. फिंक्स तिथे पोचलंच नाही, म्हणजे नियमांच्या नजरेत ते मेलंच नाही. पर्सिस्ट उठतच नाही.

दोन रिप्लेसमेंट एकाच घटनेवर आले तर? नियम ६१६ सांगतो की ज्या वस्तूवर परिणाम होतोय तिचा कंट्रोलर, किंवा ज्या खेळाडूवर होतोय तो खेळाडू क्रम निवडतो. तुमच्याकडे हार्डन्ड स्केल्स आणि डबलिंग सीझन दोन्ही आहेत, आणि तुमच्या क्रीचरवर एक +१/+१ काउंटर येतोय. आधी स्केल्सचा एक वाढवून मग दुप्पट केले तर चार, आधी दुप्पट करून मग एक वाढवला तर तीन. क्रीचर तुमचं, निवड तुमची, काउंटर चार.

वरच्या कशातच न बसणारं वाक्य बहुधा स्टॅटिक असतं, म्हणजे कार्ड टेबलावर आहे तोवर आपोआप लागू. त्यांचा हिशेब पुढे लेयर्समध्ये, म्हणजे इफेक्ट लागू होण्याच्या थरांमध्ये, येतो.

शब्दांच्या बाबतीत अजून एक. कार्डावर 'टार्गेट' शब्द नसेल तर सहसा टार्गेट नाही. हेक्सप्रूफ क्रीचर (ज्याला समोरचा टार्गेट करू शकत नाही) सगळी क्रीचर्स मारणाऱ्या रॉथ ऑफ गॉडमध्ये मरतं, कारण रॉथ कुणालाच टार्गेट करत नाही. डायबॉलिक एडिक्ट क्रीचर सॅक्रिफाइस करायला लावतो, पण तो खेळाडूला टार्गेट करतो, क्रीचरला नाही, त्यामुळे एकुलतं एक हेक्सप्रूफ, इनडिस्ट्रक्टिबल क्रीचरसुद्धा त्याने जातं. इनडिस्ट्रक्टिबल वाचवतं फक्त 'डिस्ट्रॉय'पासून आणि डॅमेजने येणाऱ्या मरणापासून. सॅक्रिफाइस, एक्झाइल आणि टफनेस शून्यावर येणं, या तिन्हींसमोर ते निरुपयोगी आहे.

स्टॅक मांडा, खरोखरच टेबलावर मांडा

स्टॅक म्हणजे ताटांची चवड: शेवटी ठेवलेलं आधी उचलायचं. मनातल्या मनात करू नका. कार्डं एकावर एक ठेवा, ट्रिगरसाठी कागदाची चिठ्ठी किंवा फासा ठेवा. वरचं एक सुटलं की थांबायचं, दोघांनाही पुन्हा संधी असते, आणि मग पुढचं. 'सगळा स्टॅक एकदम सुटतो' ही समजूत फार ठिकाणी दिसते, आणि ती चूक आहे.

आता अस्वलाकडे या. ग्रिझली बेअर्स २/२. समोरच्याने लाइटनिंग बोल्ट मारला, तीन डॅमेज. तुम्ही उत्तरादाखल जायंट ग्रोथ टाकली. ग्रोथ वर, म्हणून ती आधी सुटते, अस्वल ५/५ होतं, मग बोल्टचे तीन सोसून वाचतं. उलट, तुम्ही आधी ग्रोथ टाकलीत आणि तिला उत्तर म्हणून बोल्ट आला, तर बोल्ट वर. अस्वल २/२ असतानाच मरतं, आणि ग्रोथ टार्गेट नसल्यामुळे वाया जाते. कार्डं तीच, निकाल उलटा. अनुभवी खेळाडू ग्रोथसारखं कार्ड स्वतःहून पहिलं का टाकत नाहीत, त्याचं कारण हेच.

टार्गेटची वैधता दोनदा तपासली जाते: टाकताना आणि सुटताना. सुटताना सगळी टार्गेट्स अवैध असतील तर स्पेल काहीच करत नाही. काही वैध उरली असतील तर तेवढ्यांपुरता परिणाम होतो. यात एक बारकावा आहे. कार्ड एका झोनमधून दुसऱ्यात गेलं की नियमांच्या दृष्टीने ती नवी वस्तू. बोल्टला उत्तर म्हणून क्लाउडशिफ्ट टाकून तुम्ही अस्वल एक्झाइल करून लगेच परत आणलंत, तर परत आलेलं अस्वल बोल्टला ओळखूच येत नाही. त्याच्यावरचे काउंटर, ऑरा (त्याला जोडलेली कार्डं), आधीचे बदल, सगळं सुटलेलं असतं.

दोन खेळाडूंचे ट्रिगर एकाच वेळी उठले तर ज्याची टर्न आहे त्याचे आधी स्टॅकवर जातात, दुसऱ्याचे त्यांच्या वर. म्हणजे दुसऱ्याचे आधी सुटतात. हे क्षुल्लक वाटतं, पण यावर अख्खा गेम जाऊ शकतो. समजा दोघांची लाइफ एक-एक उरली आहे आणि दोघांकडेही ब्लड आर्टिस्ट आहे: क्रीचर मेलं की टार्गेट केलेल्या खेळाडूची एक लाइफ जाते, आर्टिस्टवाल्याला एक मिळते. तुमच्या टर्नमध्ये एक क्रीचर मेलं. दोघांचे ट्रिगर उठले. तुमचा खाली, त्याचा वर. त्याचा सुटला, तुमची लाइफ शून्य, खेळ संपला. तुमचा ट्रिगर स्टॅकवरच राहिला. हेच त्याच्या टर्नमध्ये घडलं असतं तर तुम्ही जिंकला असतात.

आता ओब्लिव्हियन रिंग, कारण दोन ट्रिगरचा खेळ इतका स्वच्छ दाखवणारं कार्ड मला दुसरं माहीत नाही. तिच्यावर दोन वेगळी वाक्यं आहेत. आली की दुसरं एक नॉनलँड परमनंट एक्झाइल करा. गेली की ते एक्झाइल केलेलं कार्ड परत आणा. समजा तुम्ही रिंग खेळलीत, पहिला ट्रिगर स्टॅकवर आहे, तो सुटायच्या आत रिंगच कुणीतरी उडवली. दुसरा ट्रिगर पहिल्याच्या वर जातो आणि आधी सुटतो. परत काय आणायचं? अजून काहीच एक्झाइल झालेलं नाही. काही होत नाही. मग पहिला सुटतो, टार्गेट एक्झाइल होतं, आणि त्याला परत आणणारं आता कुणीही शिल्लक नाही. कायमचं गेलं. म्हणून समोरच्याने रिंग टाकली की घाईने ती उडवू नका. पहिला ट्रिगर सुटू द्या, मग उडवा, तुमचं कार्ड परत येईल. २०१४ च्या बॅनिशिंग लाइटवर मात्र एकच वाक्य आहे: 'हे बॅटलफील्ड सोडेपर्यंत एक्झाइल करा'. तो कालावधी आधीच संपला असेल तर कार्ड जागचं हलतच नाही. दोन्ही कार्डं दिसायला जुळी, पण उत्तर देण्याची योग्य वेळ नेमकी उलटी.

'इफ' कुठे बसलाय तेही बघा. ट्रिगरच्या घटनेला लागूनच 'इफ' आला तर अट दोनदा तपासतात, उठताना आणि सुटताना. फेलिडार सॉव्हरिन म्हणतो: तुमच्या अपकीपच्या सुरुवातीला, तुमची लाइफ ४० किंवा जास्त असेल, तर तुम्ही जिंकता. बरोब्बर ४० असताना ट्रिगर उठला आणि समोरच्याने तुम्हाला एक बोल्ट मारला की ३७. ट्रिगर सुटताना अट खोटी, विजय गेला. कमांडर या खेळप्रकारात सुरुवातच ४० वर होते, त्यामुळे हा प्रसंग तिथे अगदी खरा आहे.

मध्येच न होणारी तपासणी

नियम ७०४, स्टेट-बेस्ड ॲक्शन्स. कुणालाही प्रायॉरिटी (चाल करायची संधी) मिळण्याआधी खेळ स्वतःच टेबल तपासतो. लाइफ शून्य किंवा कमी, टफनेस शून्य, जीवघेणा डॅमेज, रिकाम्या लायब्ररीतून ड्रॉ करायचा प्रयत्न, एकाच खेळाडूकडे एकाच नावाची दोन लेजेंडरी परमनंट्स, हे सगळं एकाच वेळी निस्तरलं जातं. पण स्पेल सुटत असताना ही तपासणी होत नाही. स्पेल पूर्ण संपल्यावरच होते.

याचा परिणाम टार्मोगॉइफवर बघा. त्याची पॉवर म्हणजे सगळ्या ग्रेव्हयार्ड्समध्ये मिळून कार्डांचे जितके प्रकार आहेत तितकी, टफनेस त्याहून एक जास्त. ग्रेव्हयार्डमध्ये एक क्रीचर आणि एक लँड आहे, म्हणून तो २/३. त्याला बोल्ट मारला. तीन डॅमेज, टफनेस तीन, मेला असं वाटतं. पण बोल्ट सुटता सुटता शेवटची गोष्ट म्हणून स्वतः ग्रेव्हयार्डमध्ये जातो, आणि तो इन्स्टंट आहे. प्रकार झाले तीन. तपासणी होते तेव्हा टार्मोगॉइफ ३/४ आहे, अंगावर तीन डॅमेज. वाचला. ग्रेव्हयार्डमध्ये आधीच एखादा इन्स्टंट असता, तर बोल्टने काही भर पडली नसती. पण मग तो मुळातच ३/४ असता. म्हणून बोल्ट मारण्याआधी टफनेस आणि ग्रेव्हयार्डमधले प्रकार, दोन्ही मोजायचे.

एकाच वेळी मरणारी क्रीचर्स एकमेकांना मरताना 'बघतात', हेही इथलंच. रॉथ ऑफ गॉडने ब्लड आर्टिस्ट आणि आणखी तीन क्रीचर्स एकदम गेली, तर आर्टिस्टचा ट्रिगर चार वेळा उठतो.

लढाईतलं डेथटच आणि ट्रॅम्पल हे जोडपं थोडक्यात: डेथटचसाठी एक डॅमेजसुद्धा जीवघेणा धरला जातो, आणि ट्रॅम्पलमुळे ब्लॉकरला मारून उरलेला डॅमेज खेळाडूवर जातो. दोन्ही असलेल्या ६/६ ला एका ५/५ ने ब्लॉक केलं तर ब्लॉकरला एक देऊन बाकीचे पाच सरळ खेळाडूवर टाकता येतात.

लेयर्स कधी काढायचे

नियम ६१३ चं नाव ऐकून भलेभले माघार घेतात. पण तो लागतो कधी? एकाच वस्तूच्या गुणधर्मांवर दोन किंवा जास्त चालू इफेक्ट एकाच वेळी असतील तेव्हाच. क्रम असा: कॉपी, कंट्रोल, मजकूर, प्रकार, रंग, ॲबिलिटीज आणि शेवटी पॉवर-टफनेस. या शेवटच्या लेयरमध्येही पोटक्रम आहे: आधी कार्ड स्वतःच ठरवतं ते, मग 'अमुक/अमुक आहे' असं ठरवून देणारे इफेक्ट, मग वाढ-घट आणि काउंटर, अखेरीस अदलाबदल.

अस्वलावर ग्रोथ सुटली, ते ५/५ झालं. त्याच टर्नमध्ये समोरच्याने टर्न टू फ्रॉग टाकला: सगळ्या ॲबिलिटीज जातात आणि बेस पॉवर-टफनेस १/१ होते. ते १/१ झालं असं बहुतेकांना वाटतं, कारण बेडूक नंतर आला. पण बेस ठरवणारा इफेक्ट आधीच्या पोटलेयरमध्ये लागतो, +३/+३ नंतरच्या. बेडूक ४/४. कोण आधी आलं याने इथे काहीच बदलत नाही. +१/+१ काउंटर असते तर तेही तसेच जमेला आले असते.

एकाच लेयरमध्ये दोघे आले तर सहसा आधी आलेला आधी लागतो. अपवाद डिपेंडन्सीचा. ब्लड मून सगळ्या नॉनबेसिक लँड्सना माउंटन करतो. अर्बोर्ग, टूम ऑफ यॉगमॉथ प्रत्येक लँडला वरून स्वॅम्पही करते, पण ती स्वतः नॉनबेसिक लँड आहे. दोन्ही इफेक्ट प्रकाराच्या लेयरमधले. ब्लड मून लागला की अर्बोर्ग माउंटन होते आणि तिची ॲबिलिटीच जाते, म्हणजे अर्बोर्गचा इफेक्ट असणार की नाही हे ब्लड मूनवर अवलंबून. म्हणून ब्लड मून आधी लागतो, मग तो टेबलावर कितीही उशिरा आलेला असो. अर्बोर्गने कुणीच स्वॅम्प होत नाही.

कॉपीचं एक वाक्य: क्लोन कार्डावरचं छापील रूप उचलतो, ग्रोथ किंवा काउंटर उचलत नाही. ग्रोथ टाकलेल्या ५/५ अस्वलाचा क्लोन २/२ च.

'कॅन्ट' नेहमी जिंकतो

एक कार्ड 'करा' म्हणतं, दुसरं 'करता येत नाही' म्हणतं, तर 'करता येत नाही' वरचढ. मेलिरा, सिल्व्होक आउटकास्ट टेबलावर असेल तर तुमच्या क्रीचर्सवर -१/-१ काउंटर ठेवताच येत नाहीत. आता किचन फिंक्स, व्हिसेरा सीअर आणि मेलिरा एकत्र ठेवा. फिंक्स सॅक्रिफाइस करा, पर्सिस्ट ते परत आणतो, काउंटर बसत नाही, आल्याबद्दल दोन लाइफ मिळतात, आणि काउंटर नसल्यामुळे पुढच्या वेळीही पर्सिस्ट चालतो. हवं तितक्या वेळा. अशा लूपमध्ये किती वेळा करणार तो आकडा जाहीर करायचा. 'अनंत' हा आकडा चालत नाही, दहा लाख चालतो.

वाद झालाच तर

कार्डं हलवू नका. आधी स्थिती तशीच ठेवा: कोणती फेज, स्टॅकवर काय, कुणाकडे प्रायॉरिटी. स्पर्धेत असाल तर हात वर करून जजला बोलवा. तो तुमचा हक्कच आहे, त्यात समोरच्याचा अपमान नाही. घरी मित्रांत खेळताना जज नसतो, तेव्हा ओरॅकल टेक्स्ट मोठ्याने वाचा. पूर्ण कॉम्प्रिहेन्सिव्ह रूल्स विझर्ड्सच्या साइटवर फुकट आहेत. ते अडीचशेहून जास्त पानांचे आहेत, पण शेवटच्या शब्दकोशातून थेट हव्या त्या नियमावर जाता येतं.

आता सगळ्या पायऱ्या एकाच प्रसंगात लावून बघा. टार्मोगॉइफ तुमचा. तुमचं ग्रेव्हयार्ड रिकामं, समोरच्याच्या ग्रेव्हयार्डमध्ये एक क्रीचर आणि एक लँड. त्याने बोल्ट मारला, बोल्ट त्याच्या ग्रेव्हयार्डमध्ये गेला, तुमचा टार्मोगॉइफ ३/४ होऊन तीन डॅमेजसह वाचला. आता त्याने टॉर्मोड्स क्रिप्ट वापरली, ती टॅप आणि सॅक्रिफाइस केली की एका खेळाडूचं ग्रेव्हयार्ड एक्झाइल होतं. टार्गेट म्हणून त्याने स्वतःलाच निवडलं.

वाक्यात कोलन आहे, म्हणजे सॅक्रिफाइस ही किंमत. क्रिप्ट त्याच क्षणी त्याच्या ग्रेव्हयार्डमध्ये गेली, आर्टिफॅक्ट हा चौथा प्रकार आला, टार्मोगॉइफ ४/५. ॲबिलिटी स्टॅकवर आहे. ती सुटली की ग्रेव्हयार्ड रिकामं, टार्मोगॉइफ ०/१, अंगावर तीन डॅमेज, पुढच्या तपासणीत मरण. प्रायॉरिटी तुमच्याकडे आहे आणि हातात जायंट ग्रोथ. ती टाका. ग्रोथ वर, आधी सुटते: ४/५ चा ७/८ होतो, आणि ग्रोथ स्वतः तुमच्या ग्रेव्हयार्डमध्ये जाते. मग क्रिप्टची ॲबिलिटी सुटते. त्याचं ग्रेव्हयार्ड साफ, पण तुमच्याकडे एक इन्स्टंट उरलाय. टार्मोगॉइफ स्वतःपुरता १/२, त्यावर पुढच्या पोटलेयरमध्ये +३/+३. ४/५ आणि डॅमेज तीन. तपासणी होते, टार्मोगॉइफ टेबलावरच राहतो.